पंडिताचे दात आणि राणीची फणी

पूर्वी चंपा नगरीत सुवाहू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वांनी फण्या करणाऱ्या एका कारागिराच्या घरी जन्म घेतला. दर वेळी हत्ती, हरिणांचा राजा नाहीतर अमात्य व्हायचं, तर एखादा जन्म असाही. नाव ठेवलं उत्तिय. आता कारागीरच म्हटल्यावर आपण त्याला अरेतुरे करू. तो रागावणाऱ्यातला नव्हता.

उत्तिय शिंगाच्या फण्या करी. त्याच्याकडे दोन कानशी होत्या. जाड कानशीनं रुंद दात्यांचे कंगवे होत. दुसरी कानस त्याच्या आजाची, गवताच्या पात्याएवढी बारीक. तिच्यानं घासलेली फणी डोक्यातून फिरली तरी केसांना पत्ता लागत नसे. तसली कानस घडवणारा लोहार केव्हाच मेला होता आणि जाताना कोणाला काही शिकवून गेला नव्हता. काही माणसं असतात अशी. उत्तियला थट्टेची फार खोड. टकले नगरशेठ दुकानावरून निघाले की हा हटकून हाक मारी, "शेठ, एक फणी घेऊन जा की. आठवण म्हणून!"

उत्तर वेशीबाहेर तिस्साआजी राहत असे. पारध्यांच्या जाळ्यातून सोडवलेली, लंगडी, आंधळी, कोणाला नकोशी झालेली जनावरं ती सांभाळी आणि चांगलं घर पाहून देऊन टाकी. तिच्या अंगणात सांबरांची गळून पडलेली शिंगं मिळत, ती न्यायला उत्तिय जाई. एकदा तिथे त्याला एक ससा दिसला. समोर कोवळ्या हरळीचा ढीग, आणि हा मात्र हाडांचा सापळा. पुढचे दात वाढून वाकले होते, त्यामुळे तोंड मिटत नव्हतं. मान कायमची एका बाजूला कलंडलेली. समोरच्याचं बोलणं आपल्याला बिलकूल पटलेलं नाही, असा चेहरा.

"आजी, हे पंडित कोण?" उत्तियनं विचारलं.

"दोन घरं फिरून आलाय," तिस्साआजी म्हणाली. "सेनापतीच्या बायकोनं नेला आणि दुसऱ्या दिवशी परत आणला. का, तर माझ्याकडे तिरकं बघतो म्हणे. मग वैद्यानं नेला. अरे, वैद्यानं! त्यानंही आणून टाकला. पंधरा दिवसांत दात पुन्हा वाढतात. कातरायला गेलं तर उभे चिरतात. वाढू दिले तर खाणं बंद, मी भरवते तेवढंच पोटात जातं. आणि ससा एक दिवस उपाशी राहिला की त्याचं पोटच थांबतं. मग संपलं."

"मी नेतो त्याला."

"असा बरा देईन! घरी कुत्रा आहे?"

"नाही."

"बायको?"

"आहे."

"तिला विचारलंस?"

"ती कुठे मला विचारून काही करते?"

"मग जा, आधी विचारून ये."

उत्तियची बायको कुमुदा स्वतःच आली. तिनं सशाला सगळ्या बाजूंनी न्याहाळलं. "अहो, हा तर थेट मामंजींसारखा दिसतो," ती म्हणाली आणि त्याला पदरात गुंडाळून चालायला लागली. मागून तिस्साआजी सूचना देत होती, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं.

घरी आल्यावर उत्तियनं आजाची बारीक कानस काढली, काखेत धरून ऊबदार केली आणि फणीचा दाता घासावा तसे सशाचे दात हलक्या हातानं घासले. पंडितानं आधी त्याच्या अंगठ्याला चावा घेतला. मग गवत तोंडात धरलं, आणि पुढचा घटकाभर घरात फक्त कुरकुर चालू होती. नवराबायको दोघंही काम टाकून ती ऐकत बसली.

तेव्हापासून दर अमावास्येला आणि पौर्णिमेला हेच. ते उपोसथाचे दिवस. साऱ्या नगराचा उपवास, आणि इथे पंडिताचं पारणं. कुमुदा त्याला जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेई. कानस गार असली की पंडित मागच्या पायानं लाथ मारी आणि ऊबदार असली तर डोळे मिटे. मधल्या दिवसांत कुमुदा गवत बारीक चिरून भरवी. नवऱ्याची भाजी तिनं इतकी बारीक कधी चिरली नाही, हे उत्तिय शेजारीपाजारी सांगत फिरे.

पुढे राणीला फणी हवी झाली. राजवाड्याचा भांडारी सोणक दुकानात आला. हा माणूस हसताना कोणी पाहिला नव्हता. हसूही त्यानं भांडारात कुलूप लावून ठेवलं असावं.

"उत्तिया, तुझं नशीब उघडलं," तो म्हणाला. "राणीसाठी फणी कर. आजपासून तू राजवाड्याचा कारागीर. राहायला तटाच्या आत घर. फक्त रीत तुला ठाऊक आहेच. राणीच्या फणीला जुळी असता कामा नये. म्हणून फणी झाली की जिच्यानं ती घासली ती कानस भांडारात जमा होते. कायमची."

उत्तियचा हसरा चेहरा उतरला. "जाड कानस देतो."

"जाड कानशीची फणी राणी डोक्याला लावणार? बारीक हवी."

"तिच्यानं सशाचे दात घासतो मी. जाड लावली तर दात चिरतील, मग तो खाणार नाही."

"ससा?" सोणकाला वाटलं, नेहमीची थट्टा. "हे बघ, ससा काय, रानात शंभर मिळतील."

"राजवाडेही मिळतील की, भांडारी. हा ससा एकच आहे."

सोणक तरातरा निघून गेला. त्या दिवशी टकले नगरशेठ दुकानावरून गेले, तरी उत्तियनं हाक मारली नाही. आजाचंही स्वप्न होतं, तटाच्या आतलं घर. संध्याकाळी कुमुदानं विचारलं, "वाईट वाटतंय?"

"वाटतंय," तो म्हणाला.

"मलाही," ती म्हणाली, आणि गवत चिरायला बसली.

आपल्याला नकार देणारा माणूस राणीनं कधी पाहिला नव्हता. तो पाहायला ती अमावास्येच्या सकाळी पालखीतून आली. बघते तर काय, कुमुदाच्या मांडीवर लुगड्याचं गाठोडं, गाठोड्यातून दोन कान बाहेर, आणि उत्तिय काखेत कानस धरून बसलेला. उठायला त्याला सवड नव्हती.

"देवी, क्षमा करा," तो म्हणाला. "आता सोडला तर संध्याकाळपर्यंत सापडायचा नाही."

राणी उंबऱ्यावरच बसली. दात घासून झाले. पंडितानं गवताची काडी उचलली आणि मान कलंडवून तिच्याकडे बघत कुरकुर सुरू केली.

"माझ्यावर याचा विश्वास दिसत नाही," राणी म्हणाली.

"कोणावरच नाही, देवी. माझ्यावर तीन वर्षं विचार चालू आहे."

राणी मनापासून हसली. मागे उभ्या सोणकाकडे वळून म्हणाली, "रीत मोडायची नाही. जाड कानशीचा कंगवा करू दे. जमा करायची ती जाड कानस करा."

"पण मग तटाच्या आतलं घर मिळणार नाही, देवी," सोणक म्हणाला. "कंगवेवाल्यांना ते देत नाहीत."

"नाही मिळालं तर नाही," उत्तिय म्हणाला. जाड कानस गेली, राणीच्या कंगव्याला जुळा नको म्हणून तसली नवी घेता येईना, तसे त्याचे कंगवे बंद झाले आणि धंदा अर्ध्यावर आला. घर तेच राहिलं.

पंडित आणखी सहा वर्षं जगला आणि एका दुपारी कुमुदाच्या पदरात, तोंडात काडी धरून, शांतपणे गेला. तेराव्या दिवशी उत्तिय बारीक कानस फडक्यात गुंडाळून राजवाड्यात गेला. "देवी, आता ही जमा करा. हवी तर फणी करून देतो. मला आता हिचं काम नाही."

राणीनं कानस उलटसुलट पाहिली आणि त्याच्या हातात परत दिली. "आधी तिस्साआजीकडे जाऊन या," ती म्हणाली. "काम नाही, अशी खात्री झाली की मग आणा."

संध्याकाळी उत्तिय घरी आला तेव्हा कानस काखेत होती, आणि हातातली टोपली आतून कोणीतरी लाथा मारत असल्यासारखी हलत होती. कुमुदा जुनं लुगडं शोधायला आत गेली.

विहारात एवढी कथा सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाची तिस्साआजी म्हणजे आज विहाराच्या दाराशी सगळ्यांची उलटतपासणी घेणारी ती म्हातारी उपासिका. सोणक म्हणजे आपली चीवरं-वस्त्रं जपून ठेवणारा हा भिक्खू. काय रे, आता तरी हसशील? राणी म्हणजे आपल्याला आम्रवन देणारी गृहिणी, आणि कुमुदा म्हणजे रोज पेज करून पाठवणारी तिची धाकटी बहीण. उत्तिय मीच होतो. आणि पंडित म्हणजे तो कोपऱ्यातला आजारी भिक्खू, ज्याला भरवायच्या तुम्ही पाळ्या लावता आणि पाळी आली की गायब होता. या कथेतला गुण मैत्री. दर पंधरवड्याला, न कंटाळता केलेली मैत्री."

भिक्खूंनी माना खाली घातल्या. कोपऱ्यातून, उशीवर मान कलंडवून, आजारी भिक्खू म्हणाला, "ते सगळं खरं, भन्ते. पण पेज गार होतेय."

चीवरं जपणारा भिक्खू सगळ्यांत आधी उठला. त्यानं वाडगा उचलला, दोन्ही तळव्यांत धरून थोडा वेळ ऊबदार केला, आणि मग भरवायला बसला.