तळ्याकाठची वकिलात

एक होता राजा. मोठ्या तळ्याच्या काठी त्याचं शहर, अमृतपूर. एकदा भर दुपारी त्याच्या दरबारात परका वकील आला. कोर्टातला नव्हे, बरं का. दुसऱ्या राज्याच्या वतीनं जो माणूस आपल्याकडे राहायला येई, त्याला तेव्हा वकील म्हणत. त्याच्या घराला म्हणत वकिलात.

बाहेर कडक ऊन, पण वकिलाचा अंगरखा ओलाचिंब. कुठल्या राज्याचे, असं विचारलं तर म्हणाला, खालच्या. राजाला वाटलं, दक्षिणेकडचा असेल. वकिलानं राजाला टपोरे मोती नजर केले. राजा खूश झाला. शहरात हवी ती जागा घ्या, म्हणाला. राजाचा शब्द तो, मागे घेता येतो होय?

मग वकिलानं राजवाड्यासमोरची हवेली घेतली. झालं, भिंती पाझरायला लागल्या. जिन्यावर शेवाळ धरलं. बागेतले पक्षी उडून गेले. आणि भिंतीच्या आत कुणीतरी हळू बोलतंय, असं ऐकू यायचं. वकील म्हणाला, ही जागा नको.

मग तो बाजारपेठेत गेला. पोत्यातल्या धान्याला मोड आले. तराजूच्या पारड्यात इवले इवले मासे वळवळले. तो आवाज आता जमिनीखालून यायला लागला. लोक दुकानं टाकून पळाले. वकील म्हणाला, हीही नको.

मग तो थेट राजवाड्यात शिरला. राणी केतकी बाळाला झोके देत होती, त्या खोलीच्या दारात थांबला. म्हणाला, इथे.

राजाचा चेहरा उतरला. उंबऱ्याखालून पाणी आलं. घोट्याएवढं झालं, गुडघ्याएवढं झालं, पाळण्याला टेकलं. राणीनं बाळ खांद्यावर घेतलं.  आणि कुणीच विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

“वकीलसाहेब, तुम्हाला शहरात राहायचंय तरी कशासाठी?”

पाणी थांबलं.

“तुमच्या मामंजींनी तळं बांधलं, राणीसाहेब. आमचं गाव पाण्याखाली राहिलं. आमची माणसं विचारतात, वर आपलं कुणी उरलंय का. मला माणसांजवळ राहायला हवं. पण मी जातो तिथे पाणी मागून येतं.”

राणीचे डोळे भरले. ती म्हणाली, “मग पाणी आणि माणसं भेटतात तिथेच राहा ना.”

राजा स्वतः घाटावर गेला. शेवटच्या पायऱ्यांवर त्यानं वकिलात बांधून दिली, अर्धी काठावर, अर्धी पाण्यात. शहर कोरडं झालं. पक्षी परतले. बाजार भरला.

पहिल्या दिवशी गोदूआजी काठी टेकत आली. लहानपणी तिची धाकटी बहीण खाली राहिली होती. तिनं नाव सांगितलं. वकील पाण्यात उतरला, बऱ्याच वेळानं वर आला. म्हणाला, “ती अजून सात वर्षांचीच आहे. विचारते, ताई खेळायला कधी येणार?”

गोदूआजी रडली, मग हसली. “सांगा तिला, येतेच आहे.”

तेव्हापासून वरचे वर सुखी, खालचे खाली सुखी. आणि माझी पाखरं पांघरुणात सुखी. मिटा बघू डोळे आता.