गोदूबाई कळशीचा दुसरा अर्ज

त्या राज्यात दोन फळ्या होत्या. खालची फळी लाकडाची होती आणि तिच्यावरची भांडी कामाची होती. वरची फळी काचेची होती आणि तिच्यावरची भांडी बघायची होती. खालून वर जायचं तर परवानगी लागे. वरून खाली यायला काहीच लागत नसे. हा नियम कोणी केला हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण तो खालच्या फळीवर झाला नसावा याबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

वरच्या कपबश्या मनाला येईल तेव्हा खाली उतरत. त्या आल्या की पातेली आपली बुडं आवरून जागा करून देत आणि परात स्वतः पुढे होऊन त्यांचं स्वागत करी. एक कप तर कान तुटल्यापासून चार वर्षं खालीच मुक्काम ठोकून होता. तुम्ही जाणार कधी, हे त्याला कुणी विचारलं नाही. उलट त्याचं ते किणकिणतं बोलणं ऐकायला डबे झाकणं उघडून बसत. चमच्यांचा तर प्रश्नच नव्हता. ते दिवसातून दहा वेळा वरखाली करत, कारण चमच्यांना कुठल्याच राज्यात कुणी अडवत नाही.

दिवेलागणीला वर दिवा लागला की काचेतून सावल्या खाली पडत आणि त्या सावल्यांमध्ये उजेडाचे काही गोल ठिपके चमकत. खालून वर गेलेल्या आपल्या भांड्यांचं ते तेज आहे, अशी खालच्या फळीची पक्की समजूत होती. रोज संध्याकाळी परात ते ठिपके मोजी. एखादा वाढला की सगळ्यांचा ऊर भरून येई.

या फळीवर एक पितळी कळशी राहत होती. तिच्या गळ्यावर 'कै. गोदूबाई पिंपळखरे यांचे स्मरणार्थ' अशी अक्षरं कोरलेली होती, म्हणून तिला सगळे गोदूबाईच म्हणत. रोज सकाळी हौदावर जायचं, भरून यायचं आणि फळीवरच्या अकरा भांड्यांमध्ये पाणी घालायचं, हे तिचं काम. तिने ते इतकी वर्षं केलं होतं की ते काम आहे हे कुणाच्या लक्षातही येत नसे.

गोदूबाईला एक लेक होती. गोदूबाईला घडवून जो पत्रा उरला, त्यातूनच कासाराने एक लोटी केली होती, कुमुद नावाची. कुमुद दिसायला देखणी. सात वर्षांपूर्वी ती वरच्यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी तिला फुलदाणीच्या कामावर नेलं. खालच्या फळीवर त्या दिवशी पेढे वाटले गेले. कुमुदचे निरोप चमच्यांबरोबर येत. आई, सगळं छान आहे. काम हलकं आहे, कागदी फुलं धरून उभं राहायचं. शेजारी चिनी मातीचा हत्ती आहे, तो सभ्य आहे. फक्त इथे कोणी माझ्यात पाणी घालत नाही.

बाकीची भांडी निरोपातला हत्ती तेवढा लक्षात ठेवत. गोदूबाईच्या मनात मात्र शेवटचं वाक्य रुतून बसलं. सात वर्षं पोरगी कोरडी उभी आहे, या विचाराने तिचं मन कशात लागेना. तिला वर जाऊन राहायचं नव्हतं, हत्तीही बघायचा नव्हता. पंधरा दिवस जाऊन यावं, लेकीला डोळे भरून पाहावं आणि आपल्या गळ्यातली एक धार तिच्यात घालावी, एवढंच तिला हवं होतं.

पहिल्या अर्जाच्या वेळी ती चुकली ती रीतीला धरून चुकली. कुणाकडे रिकाम्याने जाऊ नये, ही खालच्या फळीची रीत. वाटीसुद्धा शेजारी गेली तर चिमूटभर साखर घेऊन जाई. लेकीकडे जायची परवानगी मागायची ती रिकाम्याने कशी मागणार, म्हणून गोदूबाई काठोकाठ भरून परवानगीच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

खिडकीत चाळण बसत असे. तिच्यासमोर जे येई ते ती हलवून, झटकून, पुन्हा हलवून बघे. ती एके काळी खालचीच थाळी होती आणि उमेदीत बऱ्याचदा वरखाली करून आली होती, असं जुनी भांडी सांगत. तिच्यासमोर मात्र हे बोलायची कुणाची छाती नव्हती. गोदूबाईने आत लेकीसाठी पाणी आहे असं सांगितलं, तेव्हा चाळणीने मान हलवली आणि समजावून सांगितलं की पाणी वाहणं हे काम आहे आणि बघायला जाणाऱ्याला काम करता येत नाही. नकाराच्या कागदावर लिहिलं होतं: 'अर्जदार पाण्यासह आढळली. वर जाऊन पाणी भरू लागेल व परतणार नाही, असे मानण्यास जागा आहे.' मग नियमाप्रमाणे हातोडीने तिच्या डाव्या कुशीत एक पोचा पाडण्यात आला, पुढच्या वेळी पटकन ओळखू यावी म्हणून.

तिच्यामागे रांगेत पाटा होता. त्याला दहा वर्षांची परवानगी, हवं तितक्यांदा जाण्यायेण्याच्या सवलतीसकट, एका मिनिटात मिळाली. पाटा जन्मात जागचा हललेला नव्हता आणि पुढेही हलण्याची शक्यता नव्हती. असा अर्जदार चाळणीला फार आवडे.

नकार मिळालेल्याला दोन वर्षं थांबावं लागे. त्या दोन वर्षांत गोदूबाईला हौदावर जाताना पोचा भिंतीकडे करून चालायची सवय लागली. पोचा पडलेल्यांकडे बघायची फळीची एक वेगळीच नजर असते. काहीतरी केलं असेल हो, त्याशिवाय का, असं तिचंच पाणी पिऊन तांब्ये आपसात बोलत. पोचा ठोकून सरळ करून घ्यावा, असंही एकीने सुचवलं. पण पलीकडच्या गंजाने, त्या उभट पातेल्याने, तसं करून घेतलं होतं आणि खिडकीत तो पकडला गेला होता. त्याला आजन्म बंदी झाली आणि आता परसात त्याच्यात कोरफड लावली होती.

शेवटी गोदूबाई सांडशीकडे गेली. सांडशी दुसऱ्यांना उचलून पलीकडे ठेवायचा व्यवसाय करी आणि त्यात तिला स्वतःला कधी चटका बसत नसे. तिने पोचा बघितला, जिभेने च् च् केलं आणि सल्ले दिले. पोचा लपवायचा नाही. पाणी न्यायचं नाही, पण अगदी रिकामंही दिसायचं नाही; रिकामं भांडं वर भरायलाच येतं असा वरच्यांचा अनुभव आहे. एक घोट ठेवा आणि स्वतःपुरता आहे म्हणा. लेकीचं नाव काढू नका. रडू तर मुळीच नका, आधीच तुम्ही पाण्याच्या प्रकरणात सापडलेल्या आहात.

"मग कशाला जातेय म्हणून सांगू?" गोदूबाईने विचारलं.

"काचेचं कपाट बघायला."

"ते तर इथून दिसतं."

"तेच सांगतेय," सांडशी म्हणाली. "जे इथून दिसतं तेच बघायला जो जातो, त्याला पर्यटक म्हणतात. ज्याला काही काम असतं त्याला ते जाऊ देत नाहीत."

परत येणार याचा पुरावा म्हणून अकरा भांड्यांकडून अकरा पत्रं घ्यायची होती. गोदूबाई रोज पाणी घालते, ती आली नाही तर आम्ही कोरडे पडू, असं प्रत्येकाने लिहून द्यायचं. परातीने आपल्या पत्रात स्वतःच्या थोरवीबद्दल तीन ओळी जास्त लिहिल्या, पण दिलं. तांब्यांनीही दिलं. लिहिताना मात्र सगळे जरा गप्प झाले, कारण ती आली नाही तर काय, हा विचार त्यांनी त्याआधी कधी केलाच नव्हता.

ठरलेल्या दिवशी गोदूबाईने चिंच लावून अंग घासलं, पहाटेच अकरा भांडी काठोकाठ भरली, रांगेत दोन दिवस तरी जातील, जपून वापरा म्हणाली, आणि पोटात एक घोट ठेवून खिडकीपाशी गेली.

चाळणीने पोचा दाखवून तो कशाचा म्हणून विचारलं. तुम्हीच दिलात, असं गोदूबाई म्हणाली. तसं अर्जात कारणासहित लिहायला हवं होतं, असं चाळणीने सांगितलं आणि ते लिहिलेलं निघालं तेव्हा तिला थोडं वाईट वाटलं. मग तिची नजर गळ्यावरच्या अक्षरांवर गेली.

"इथे कै. लिहिलंय. अर्जदार हयात आहे का?"

"मी आहे. गोदूबाई गेल्या."

"अर्जावर नाव गोदूबाईच आहे."

ज्यांच्या आठवणीसाठी घेतलं त्यांचं ते नाव, असं कळशीने परोपरीने सांगून पाहिलं. चाळणीने सगळं ऐकून घेतलं आणि नोंद केली: 'अर्जदार अंशतः हयात.'

"आत काय आहे?"

"एक घोट पाणी. प्रवासात लागेल म्हणून. स्वतःसाठी."

गोदूबाईने जन्मात कधी स्वतःसाठी पाणी ठेवलं नव्हतं. हे तिचं पहिलं खोटं होतं आणि ते बोलताना तिला मनातून शरम वाटली. चाळणीला मात्र तिच्या साऱ्या उत्तरांमध्ये हेच सर्वांत पटण्यासारखं वाटलं. तिने अकरा पत्रं चाळली आणि मग शेवटचा प्रश्न विचारला, परत का याल?

काचेचं कपाट बघून झालं म्हणून, असं सांगायचं सांडशीने पाठ करून घेतलं होतं. पण ते ऐन वेळी गोदूबाईच्या तोंडून निघेना.

"सकाळी अकरा तोंडं वाट बघत असतात," ती म्हणाली.

खिडकीतून खालचा हौद दिसत होता, तिकडे चाळण बघत राहिली.

"हौदाचं पाणी अजून तेवढंच गार असतं का?" तिने विचारलं.

"असतं. या ना एकदा."

"माझ्यात राहणार नाही," चाळण म्हणाली. लगेच तिचा आवाज पहिल्यासारखा झाला. "अर्ज मंजूर. पंधरा दिवस. शिक्का बुडाला मारतात, हलू नका. आणि इथून थेट वर जायचं; खाली वळलात तर मंजुरी रद्द."

बुडाशी काहीतरी टचकन लागलं आणि एक थंड कळ गळ्यापर्यंत आली. पण दोन वर्षांची वाट, नकाराचा पोचा, तांब्यांची कुजबुज, सगळं त्या एका शब्दाने धुऊन निघालं होतं. मंजूर! तिच्या बुडाचं काय झालं ते बघायची तिला शुद्धच नव्हती, आणि स्वतःचं बूड कुणाला दिसतं? ती पायऱ्या चढू लागली. मागून टप टप असा आवाज येत होता. आपल्यामागून आणखी कुणी भाग्यवान चढतंय असं वाटून तिने दोनदा थांबून वाट पाहिली, पण कुणी आलं नाही. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा आवाजही थांबला होता.

वर सगळं चकचकीत आणि शांत होतं. कुणी कुणाला लागत नव्हतं, त्यामुळे कुठे आवाज नव्हता. कपबश्या तिच्याकडे बघून हसल्या आणि तोंड फिरवून बसल्या. हत्तीच्या शेजारी कुमुद उभी होती. ती सोन्यासारखी लखलखत होती आणि तिच्या तोंडात कागदी गुलाब खोचलेले होते. नऊ वर्षांनी लेक दिसली आणि गोदूबाईला भरून आलं. तिने रडायचं नाही हे ठरवलेलं होतंच; आधी पाणी, मग बाकीचं.

"तोंड इकडे कर," ती म्हणाली. "आपल्या हौदाचं आणलंय."

ती वाकली. काही आलं नाही. आणखी वाकली, गळा पार आडवा केला, तरी काही आलं नाही. लेकीच्या दारात आपण रिकाम्याने आलो, या विचाराने ती ओशाळून गेली.

"वाटेत सांडलं वाटतं," ती म्हणाली. "म्हातारी झाले गं मी."

कुमुदने हळूहळू एकेक करत तोंडातले गुलाब काढून हत्तीपाशी ठेवले.

"आई, आत बघ."

गोदूबाईने लेकीच्या आत डोकावून बघितलं. तळाशी एक गोल भोक होतं. त्यातून आणि खालच्या काचेतून लाकडाची फळी दिसत होती, परात दिसत होती आणि पलीकडे हौदाचा एक कोपरा दिसत होता.

"मला कळवलं का नाहीस?" गोदूबाईने विचारलं.

"कळवलं होतं की," कुमुद म्हणाली. "इथे कोणी माझ्यात पाणी घालत नाही म्हणून."

गोदूबाईने आपलं बूड काचेवर टेकवलं आणि ती लेकीला चिकटून उभी राहिली. टेकवताना तिला जे कळायचं ते कळलं.

तिसऱ्या दिवशी दिवेलागणीला वरचा दिवा लागला. खालच्या फळीवर अकरा भांडी कोरड्या तोंडांनी वर बघत होती. सकाळपासून कुणात थेंब नव्हता, पण त्याबद्दल आज कुणी बोललं नाही, कारण सावल्यांमध्ये एक नवा ठिपका आला होता. लहान ठिपक्याला अगदी लागून, चांगला मोठा, गोल, झगझगीत. पोचल्या हो गोदूबाई, असं तांब्ये एकमेकांना सांगत होते, आणि एका वाटीने सांडशीला अर्ज कधी करता येईल म्हणून विचारूनही घेतलं. तो मोठा ठिपका नेमका परातीच्या कोरड्या तळात पडला होता. रोज सकाळी पाणी जिथे पहिल्यांदा पडायचं तिथेच. तो सांडू नये म्हणून परात जागची जराही हलत नव्हती.