ढवळेबाईंचा अर्ज

विषय: ईमेल सर्व्हर बसवण्याच्या व सांभाळण्याच्या प्रशिक्षणासाठी कंत्राटी संगणकचालक श्रीमती कुंदा ढवळे यांचा अर्ज.

कार्यालयाचा सर्व्हर ढवळेबाईच सांभाळत. हे प्रशिक्षण झालं तरच त्या नोकरीत कायम होणार होत्या. तरीही कार्यालयप्रमुख घारपुरे साहेबांच्या सांगण्यावरून मी, तिथल्या कारकुनाने, प्रशिक्षणाच्या यादीतलं बाईंचं नाव खोडून साहेबांचं लिहिलं. साहेब आठवडाभर महाबळेश्वरला राहून प्रमाणपत्र घेऊन आले.

बाई पुन्हा अर्ज घेऊन आल्या, त्या दिवशी नेमका सर्व्हर बंद पडला होता.

"कागद कसले आणता बाई? ईमेल करा!" साहेब गुरगुरले.

"करते ना साहेब. प्रशिक्षण तुमचं झालंय, तेवढा सर्व्हर सुरू करून द्या."

साहेबांनी चहा मागवला. सगळे हसले, मला मान वर करता आली नाही.

मी निवृत्त झालो. अर्ज अद्याप प्रलंबित आहे.