तेल तुमचं, पेंड माझी

एका गावात एक तेली होता. गाव लहान, घाणा एकच, म्हणून तेलीही एकच. दुसरीकडे जायला जागा नाही म्हणून लोक त्याच्याकडे यायचे, आणि त्याला वाटायचं, आपण फार शहाणे आहोत म्हणून येतात.

त्या गावची रीत साधी होती. ज्याची करडई, त्याचं तेल आणि त्याचीच पेंड. तेल्यानं मजुरीपोटी मापभर तेल काढून घ्यायचं आणि घाण्याच्या बैलासाठी पेंडीची एक ढेप. बस. पेंड गुरं खायची, गुरांचं शेण रानात पडायचं, रानात करडई यायची आणि ती पुन्हा घाण्यावर यायची. जुन्या माणसांनी घालून दिलं होतं, चाललं होतं. चालत्या गाडीचं चाक कोण बघतो? मोडल्यावर बघतात.

एके दिवशी पेठेतून एक व्यापारी आला. कपडे पांढरेशुभ्र, बोलणं मधात बुडवलेलं. पेठेत श्रीमंतांचे गोठे होते, त्यांना पेंड कमी पडत होती. पण ते त्यानं सांगितलं नाही. पोटातलं ओठावर आणेल तो व्यापारी कसला?

"तेलीदादा," तो म्हणाला, "गरिबांकडून मजुरी कशाला घेता? तेल फुकट गाळून द्या. बदल्यात नुसती पेंड ठेवून घ्या. ती मी नेतो आणि तुम्हाला चांदी देतो. गावाला तेल फुकट, तुम्हाला चांदी, मला पेंड. सगळ्यांचं भलं."

"सगळ्यांचं?" आतून तेलीण बोलली. हात भाकरीवर होता, कान ओसरीवर. "त्यात गुरं कुठं आली?"

"गुरं काय वहिनी, रानात चरतात."

"उन्हाळ्यात दगड चरतात का?"

"तू भाकरी बघ," तेली म्हणाला. "करपेल."

व्यापारी गेल्यावर ती बाहेर आली. "अहो, पेंड आपली नाही. आपण गाळणारे. दुसऱ्याच्या म्हशीच्या तोंडातला घास विकायला निघालात तुम्ही."

"चोरतोय का मी? गावाला विचारून घेणार आहे."

"विचारा. गावही तुमच्याच अकलेचं आहे."

आणि तसंच निघालं. चावडीपुढे तेल्यानं सांगितलं, उद्यापासून मजुरी माफ, फक्त पेंड राहू द्या. फुकट म्हटलं की माणूस विषसुद्धा दोन वाट्या मागतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा होता, त्याचं घर एका म्हशीच्या दुधावर चालायचं. तोही म्हणाला, "बरं झालं, माझं मापभर तेल वाचलं."

पहिल्या वर्षी सगळं गोड होतं. तेल्याच्या ओसरीला नवे खांब आले. तेलिणीच्या हातात चांदीच्या पाटल्या आल्या, पण घालताना ती काही हसली नाही. लोक तेल्याला देवमाणूस म्हणायला लागले. तेल्यालाही ते खरं वाटलं. हाव अशी की बैलाच्या वाट्याची ढेपही तो व्यापाऱ्याच्या गाडीत चढवायला लागला.

दुसऱ्या वर्षी दूध पातळ झालं. नांगराच्या बैलांच्या बरगड्या लांबून दिसायला लागल्या. शेण कमी, म्हणून रानाला खत कमी. करडई आली ती गुडघ्याच्या खालीच राहिली. लोक म्हणाले, यंदा पाऊस बरा नव्हता. पाऊस चांगला झाला होता. पण स्वतःला शिव्या देण्यापेक्षा पावसाला दिलेल्या बऱ्या.

ऐन उन्हाळ्यात तो म्हातारा घाण्यावर आला. दारात व्यापाऱ्याची गाडी पेंडीनं भरून उभी होती.

"तेलीदादा, म्हैस बसलीय. उठवली तर उठत नाही. एक ढेप दे."

"पेंडीचा सौदा झालाय, बाबा."

"गाडीभर आहे की रे. एका ढेपेनं काय रितं होणार आहे?"

"आज तुला दिली तर उद्या गाव दारात उभं राहील."

"माझ्याच करडईची आहे ती."

"होती," तेली म्हणाला.

तेलीण दारातून सगळं बघत होती. ती म्हणाली, "द्या हो एक. मी पाया पडते."

तेल्यानं एकदा ढेपेकडे बघितलं आणि एकदा गाडीवानाकडे. हात पुढे झाला, तसाच मागे आला. गाडी भरलेली तशीच गेली. म्हैस चार दिवसांनी गेली. तेलीण त्या दिवसापासून नवऱ्याशी कामापुरतंच बोलली.

तिसऱ्या वर्षी कुणी करडई पेरली नाही. पेरणार कशानं? अर्धे बैल विकले गेले होते, उरलेले उभे राहीनात. घाणा बंद पडला. व्यापारी आला, रिकामा घाणा बघितला आणि गाडीतून उतरलाही नाही.

"असं कसं?" तेली म्हणाला. "तुम्ही म्हणाला होता, सगळ्यांचं भलं."

"झालं की. तुम्हाला चांदी मिळाली, मला पेंड. आता इथं काही उरलं नाही. पलीकडच्या खोऱ्यात अजून सात गावं आहेत."

"आणि हे गाव?"

"हे तुमचं गाव, दादा. माझं कधी होतं?"

तेली धावत म्हाताऱ्याच्या ओट्यावर गेला. "बाबा, यंदा करडई पेर. तेल तुझं, पेंड तुझी, वर मजुरीही नको. फुकट गाळतो."

म्हाताऱ्यानं रिकाम्या खुंट्याकडे बोट दाखवलं. "मागच्या फुकटाची किंमत तिथं बांधलेली होती. आता परवडत नाही."

त्या साली व्यापाऱ्याच्या गाड्या पुन्हा गावात यायला लागल्या. या वेळी पेंड न्यायला नाही, तेल विकायला. चावडीपुढे बुधल्या घेऊन रांग लागायची. त्या रांगेत तेलीही उभा राहायचा. तेल्याला पुढे जाऊ द्या, असं कुणी म्हणत नसे, आणि त्याच्या मागचा माणूस बुधलीनं त्याला ढोसायचा, "सरक की पुढं."

तात्पर्य काय, तर "सगळ्यांचं भलं" म्हणणाऱ्याला आधी विचारावं की या सगळ्यांत कोण कोण धरलंय. आणि ज्याच्या ताटातलं काढून तुमचं ताट भरतं, तो मेल्यावर तुम्हालाही कुणी वाढत नाही. हे तेल्यानं लक्षात ठेवावं आणि फुकटाला भुलणाऱ्या गावानंही.