अध्यक्षांचा घसा

"तेवढं एकच सांगा, वस्ताद. कोचला काढायचं का ठेवायचं?"

प्रश्न मोठा होता, पण आवाज अगदीच बारीक निघाला. चांदसूर्य तालीम मंडळाचे अध्यक्ष सर्जेराव इंगवले यांचा घसा रविवारच्या मॅचपासून बसला होता. एरवी ते पेठेच्या या टोकाला बोलले, की त्या टोकाची माणसं खिडकी लावून घेत.

दस्तगीर वस्ताद कुस्तीच्या लाल मातीच्या हौद्याच्या कडेला बसले होते आणि दगडी कुंडीत थंडाईचे बदाम घोटत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ऐकू आलं न्हवं?"

"आलं की. घसा बसलाय तुझा."

वस्तादांनी शेजारचा पत्र्याचा डबा उघडला, त्यातून ज्येष्ठमधाची एक काडी काढली आणि सर्जेरावांच्या हातावर ठेवली.

"चघळ. लगेच थुकू नकोस."

सगळी पेठ सर्जेरावांना अण्णा म्हणायची. कोल्हापुरात त्यांना 'सर्ज्या' म्हणणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ते हे. लहानपणी सर्जेराव याच हौद्यात उतरले होते. पाठ जरा लवकरच मातीला लागायची, म्हणून ते फुटबॉलकडे वळले. तिथं मात्र सेंटर फॉरवर्ड म्हणून त्यांनी असं नाव काढलं, की अजूनही चहाच्या टपरीवर कुणी विचारलं नाही तरी ते आपल्या जुन्या गोलांच्या गोष्टी सांगत. वस्तादांना त्या सगळ्या पाठ होत्या.

सर्जेरावांनी काडी गालात सरकवली.

"साडेसहाला मीटिंग हाय. सगळी पेठ जमणार. आज काय ते सांगावं लागतंय मला."

"मग सांग की."

"काय सांगू?"

...

कुंडीतला सोटा फिरत राहिला.

हंगाम फार वाईट चालला होता. चांदसूर्य तालमीचा फुटबॉल संघ लागोपाठ हरत आला होता. येत्या रविवारी शेवटची मॅच. तीही गेली, तर संघ वरच्या गटातून खाली घसरणार, आणि ही नामुष्की पेठेनं कधीच पाहिलेली नव्हती. पेठ तशी प्रेमळ, पण हरल्यावर तिची तऱ्हा वेगळी. रविवारपासून कोचला टपरीवर चहासुद्धा अर्धाच कप मिळत होता.

आणि कोच काही बाहेरचा नव्हता. जयवंत वडणगे पेठेतलाच. शाळेत पी.टी. शिकवायचा. सर्जेरावांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "सोड ती नोकरी, तालीम सांभाळ. मी हाय." त्यानं खरंच सोडली. हा 'मी हाय' गेले चार दिवस सर्जेरावांना रात्री झोपू देत नव्हता.

"खोट काय हाय त्याच्यात?" वस्तादांनी विचारलं.

"तोंडच उघडत न्हाई वो!" सर्जेरावांना एकदम उमाळा आला. "कोच म्हंजे कसा पायजे? वरडला पायजे. हा आपला हाताची घडी घालून उभा. मैदानावर त्याचा आवाज कुणी ऐकलेला न्हाई."

"आणि पोरं?"

"पोरं गोंधळल्यात. पायात बॉल आला की इकडं बघत्यात, तिकडं बघत्यात, आणि तेवढ्यात बॉल दुसऱ्याच्या पायात."

"आणि तुमी?"

"आमी?" सर्जेरावांनी छाती पुढं काढली. "आमी कायबी कमी करत न्हाई, वस्ताद. आख्खी कमिटी लायनीवर उभी असतीया. मी, खजिनदार, जुने कॅप्टन, झाडून सगळी. जीव तोडून सांगतोय पोरांस्नी. उगंच बसला का घसा?"

वस्तादांनी सोटा थांबवला. सर्जेरावांकडे पाहिलं.

"चघळतोयस न्हवं?"

"चघळतोय की."

"बरं."

वस्ताद पुन्हा घोटायला लागले. सर्जेरावांना वाटलं, म्हातारं आता थकलं. यांच्याकडे आपण उगाच आलो. गोव्याहून एक नवा कोच यायला तयार आहे, त्याला फोन लावावा आणि मोकळं व्हावं.

तेवढ्यात बाहेर म्हैस रेकली. पाठोपाठ ईश्वरा गवळ्याची हाक आली.

"अण्णा, गाडी तुमची हाय का वो? आमाला कट्ट्यावर जायाचंय."

तालमीची बोळ म्हणजे गाडी शिरली तर शेजारून माणसानं अंग चोरूनच जावं अशी. शहाणी माणसं गाडी बाहेर रस्त्यावर लावून चालत येत. पण सर्जेरावांची गाडी नवी होती, लांबलचक होती, आणि ती पेठेनं पाहावी अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी ती थेट तालमीच्या दारापर्यंत आणून उभी केली होती. बोळीच्या आतल्या अंगाला ईश्वराचा गोठा आणि तोंडाशी दुधाचा कट्टा. तिथं संध्याकाळी म्हैस उभी करून समोर धार काढायची आणि फेसाळतं दूध तिथल्या तिथं प्यायचं, हा रिवाज. गिऱ्हाइकं ग्लास धरून ताटकळली होती. मधे अध्यक्षांची गाडी, आणि गाडीच्या बोनेटला जीभ लावून बघणारी म्हैस.

"काढ बाबा," वस्ताद उठले. "म्हशीला मीटिंग न्हाई, पर धारंची वेळ झालीया."

सर्जेराव गाडीत बसले. आता मागं मागं घेत रस्त्यापर्यंत जायचं. काम अवघड होतं, पण जमण्यासारखं होतं. आत आणलीच होती की.

वस्ताद दारात आले, त्यांनी दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या आणि हाळी दिली.

"आरं या रे सगळी! अध्यक्षांची गाडी काढायची हाय. जरा सांगा त्यास्नी!"

कोल्हापुरात गाडी मागं घेणाऱ्याला मदत करायची, ही हाक कधी वाया गेलेली नाही. कट्ट्यावरची माणसं ग्लास ठेवून आली. शौकत टेलर गळ्यात टेप तसाच ठेवून आला. गिरणीवाले पोवार पिठानं माखलेले आले. शेवंतामावशी माडीच्या कठड्यावर ओणवी झाली.

"येऊ द्या, येऊ द्या!"

"डावीकडं मारा, अण्णा!"

"माझ्या डावीकडं न्हवं, त्यांच्या!"

"सरळ करा, सरळ!"

"आरं सरळ कुटं, भित्त हाय तिथं!"

"येऊ द्या की बिनधास्त!"

"थांबा! थांबा! मोरी!"

"कुटली मोरी? लई जागा हाय!"

सर्जेरावांनी डावीकडं वळवलं, मग उजवीकडं, मग सरळ केलं. थोडी पुढं घेतली तर म्हैस भुस्स करून फुरफुरली. ते पुन्हा मागं आले. त्यांनी एका आरशात पाहिलं, तिथं पोवारांचा हात 'ये' म्हणत होता. दुसऱ्या आरशात पाहिलं, तिथं शौकतचा हात 'थांब' म्हणत होता. वरून मावशी सांगत होती, "माझ्याकडं बगा!" मावशीकडं बघायला त्यांनी डोकं खिडकीबाहेर काढलं.

खाड्...

मागचा दिवा दगडी पायरीवर फुटला आणि चाक मोरीत उतरलं.

मग पुन्हा सगळे एकदम.

"मी म्हनालो हुतो, डावीकडं!"

"मी तर थांबा म्हनत हुतो!"

गिरणीवाल्या पोवारांनी फुटलेल्या काचेकडे पाहून शांतपणे निकाल दिला, "अण्णांच्या हातात काय राम ऱ्हायला न्हाई आता. ड्रायव्हर बदलाय पायजे."

"व्हय व्हय," चार-पाच जण म्हणाले. "चांगला ड्रायव्हर आना एखादा."

सर्जेरावांच्या कानशिलाच्या शिरा ताठ झाल्या. ते ओरडायला गेले आणि घशातून नुसती हवा निघाली. शेवटी त्यांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. म्हैस दोन पावलं मागं सरकली. बोळ चिडीचूप झाली.

त्या शांततेत त्यांची कुजबुजसुद्धा माडीपर्यंत गेली.

"अरे, मिसरूड फुटल्यापासनं गाडी चालवतोय मी. मला येतंय चालवायला! तुमी सगळी एकदम बोलल्यावर मी कुणाचं ऐकू? एकानं सांगा. कुणीबी सांगा... पर एकानं. बाकीची गप ऱ्हावा."

...

तालमीच्या दारात वस्ताद भिंतीला टेकून उभे होते आणि म्हशीची पाठ खाजवत होते.

सर्जेरावांनी आरशात पाहिलं. आता एकच हात दिसत होता. लांब, बोळीच्या तोंडाशी, कट्ट्याजवळ. माणूस माणसांच्या आडोशाला होता, नुसता हात वर. हात जरा डावीकडं कलला. सर्जेरावांनी स्टिअरिंग डावीकडं वळवलं. तळवा उघडला, ते थांबले. दोन बोटं हलली, त्यांनी सावकाश मागं घेतली. चाक मोरीतून वर आलं. हाताला घाई नव्हती. सर्जेरावांच्या लक्षात आलं, आपण दुसऱ्या आरशात बघायचंच सोडून दिलंय.

गाडी रस्त्यावर आली. मागोमाग म्हैस आली, कट्ट्यावर उभी राहिली, आणि ईश्वरा बादली घेऊन खाली बसला. जणू काही झालंच नव्हतं.

सर्जेराव खाली उतरले. हात कुणाचा म्हणून त्यांनी पाहिलं.

जयवंत वडणगे उभा होता. इस्त्रीचा शर्ट, चेहरा उतरलेला.

"मीटिंगसाठी आलो होतो, अध्यक्ष," तो हळू म्हणाला. त्याचा आवाज तसाच होता, हळू. "म्हटलं, तुम्ही सांगण्याआधी मीच आपला राजीनामा द्यावा. तुम्हाला अवघड जायला नको."

सर्जेरावांना उमगलं, चार दिवस ज्या माणसाला तोंड कसं दाखवू म्हणून आपण तळमळतोय, तो आपल्यालाच सांभाळून घ्यायला आला होता.

"जयवंता, एक खरं सांग," ते म्हणाले. "मैदानावर तू पोरांस्नी कायच सांगत न्हाईस, असं का?"

जयवंतनं मान खाली घातली.

"सांगतो की, अण्णा. पहिल्या मॅचपासून सांगतोय."

...

ईश्वरा दुधाचा ग्लास घेऊन आला. सर्जेरावांनी तो घेतला आणि जयवंतच्या हातात दिला. ग्लास काठोकाठ भरलेला होता. कट्ट्यावरच्या सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी खाकरलं आणि कोचला बसायला जागा करून दिली.

मग सर्जेराव बोळीतून पुन्हा आत गेले, या खेपेला चालत. फुटलेल्या काचेचे तुकडे त्यांनी वाटेत वाकून स्वतः गोळा केले. वस्ताद पुन्हा कुंडीपाशी बसले होते. थंडाई घोटून झाली होती.

"वस्ताद."

"हं."

"साडेसहाला काय सांगायचं ते कळलं मला."

"ब्येस."

सर्जेराव गेले नाहीत. ते लहानपणी कुस्ती हरल्यावर जसे उभे राहत, तसेच हौद्याच्या कडेला उभे राहिले.

"पर वस्ताद, तरीबी रविवारी हरलो तर? आणि मी एकटा गप ऱ्हाईन वो, कसंबी करून. बाकीच्यांचं काय? खजिनदारांचा आवाज तुमी ऐकला न्हाई. जुने कॅप्टन तर लायनीवरनं निम्मे मैदानातच शिरत्यात..."

वस्तादांनी थंडाईचा पेला त्यांच्या हातात दिला. ते पिऊन होईपर्यंत वाट पाहिली. मग पत्र्याचा तो ज्येष्ठमधाचा डबा उचलला, झाकण घट्ट बसलंय का ते पाहिलं आणि सगळा डबाच सर्जेरावांच्या काखेत दिला.

"मीटिंगमधी एकेकाला एकेक काडी दे, सर्ज्या. आणि सांग, रविवारी शेवटची शिट्टी हुईस्तवर कुणी थुकायचं न्हाई."