बिनपायाची पेटी आणि चिचुंद्रीचं खोबरं

एक होती चिचुंद्री. नाक लांबडं, डोळे बारीक, आणि स्वभाव इतका संशयी, की काही विचारू नका.

एकदा काय झालं, छोट्या पमीच्या खोलीत नवं सामान आलं. पाळण्याला झालर नाही. कपाटाला मोर नाही. सगळं लाल, पिवळं नाहीतर निळं. सगळं गोल नाहीतर चौकोनी.

चिचुंद्री चालली होती पिल्लासाठी खोबरं घेऊन. तुरुतुरु, तुरुतुरु. तेवढ्यात हमालांनी एक लाल पेटी ठेवली पालथी. ढप्प! चिचुंद्री निसटली. खोबरं राहिलं आत.

पेटीखालून शिरावं, तर पेटीला पायच नाहीत. चिचुंद्रीने हुंगलं. सुं सुं सुं. "मला बाई संशय येतो," ती म्हणाली. "पेटी पेटी, सरक ना."
पेटी म्हणाली, "मेस्त्री उचलेल, तर मी सरकेन."

चिचुंद्री गेली अंगणात. तुरुतुरु, तुरुतुरु. तिथे बाबल मेस्त्री रंधा मारत होता. खर्र खर्र.
"मेस्त्रीदादा, मेस्त्रीदादा,
पेटी सरकेना,
पिल्लू उपाशी, खोबरं मिळेना."
मेस्त्री म्हणाला, जन्मभर मी खुर्च्यांच्या पायांवर वेलबुट्टी कोरली. बिनपायाचं सामान असतं का कुठे? "मला संशय येतो. आत्याबाई सांगतील, तर मी उचलेन."

चिचुंद्री गेली ताराआत्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. ताराआत्या पमीची आत्या. ती तांदूळ निवडत होती. सर्र सर्र.
"आत्याबाई, आत्याबाई,
मेस्त्री उचलेना,
पेटी सरकेना,
पिल्लू उपाशी, खोबरं मिळेना."
आत्या म्हणाली, ते सामान नव्हेच. ते नुसतं खोकं. खरी खुर्ची आत असणार, नाहीतर भलतंच काहीतरी असणार. "मला संशय येतो. मनी हुंगेल, तर मी सांगेन."

चिचुंद्री गेली मनीमांजरीकडे. जरा लांबूनच. तुरुतुरु, तुरुतुरु.
"मनीताई, मनीताई,
आत्या सांगेना,
मेस्त्री उचलेना,
पेटी सरकेना,
पिल्लू उपाशी, खोबरं मिळेना."
मनीने एक डोळा उघडला. "मला संशय येतो. पमी पेटीजवळ बसेल, तर मी हुंगेन."

चिचुंद्री गेली पमीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु. पमी उंबऱ्यावर बसली होती, गाल फुगवून. सामान तिचं, पण सगळे म्हणत, हात लावू नकोस. तिला फार वाईट वाटत होतं.
"पमीबाई, पमीबाई,
मनी हुंगेना,
आत्या सांगेना,
मेस्त्री उचलेना,
पेटी सरकेना,
पिल्लू उपाशी, खोबरं मिळेना."
पमीला संशय म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "पिल्लू उपाशी? चल."

पमी जवळ बसली.
मनी हुंगू लागली.
आत्या सांगू लागली.
मेस्त्री उचलू लागला.
पण पेटी काही सरकेना. धरायचं कुठे? मेस्त्रीला सवय पाय धरून उचलायची. पेटीला होतं फक्त एक गोल भोक. त्यात मेस्त्रीचा हात मावेना. आत्याचा मावेना. मनीचा पंजा नुसताच आत जाई, बाहेर येई.

पमीने हात घातला. बरोब्बर मावला. तिने ओढलं. हय्या! पेटी कलंडली कुशीवर. आत एक पिवळी फळी, अगदी पमीच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. पमी फळीवर बसली. पाय जमिनीला टेकले. सगळे बघतच राहिले.

"माझी खुर्ची," पमी म्हणाली.

चिचुंद्रीने आपलं खोबरं उचललं. आधी हुंगलं. सुं सुं सुं. तेच होतं. मग पळाली बिळात. तुरुतुरु, तुरुतुरु.
पिल्लाने खोबरं खाल्लं. कुर्रुम कुर्रुम.
पिल्लाचं पोट भरलं, आणि माझं सांगून झालं.