वैजंताचा बांध

"पण पाण्यानं माझंच घर का सोडलं, बाबा?"

वैजंता कडेवरचं लेकरू सावरत मठीच्या पायरीवर टेकली. टेकडी चढून तिच्या छातीचा भाता झाला होता.

भिकनाथबाबा चूल फुंकत होते. "विहीर काय माझ्या झोळीत लपलीय, बाई?"

"थट्टा नका करू. पावसात वरून माती आली, ओढा बुजला, विहिरीत गाळ बसला. दरसाल शिमग्यापर्यंत पाणी पुरायचं, औंदा संक्रांतीलाच तळ दिसला. लेकराला गढूळ पाजते मी…"

"माती धरायला तुझा बांध होता ना? करवंदी, निरगुडी, गवत?"

"पेटवला. गेल्या उन्हाळ्यात." तिनं मान ताठ केली. "हा रांगायला लागला होता. झुडपात सापकिरडू असतं. माझा बांध बघून अख्ख्या शिवारानं पेटवले. कसं लख्ख झालं होतं!"

"साप निघाला?"

"नाही."

"मग काय निघालं?"

"सरडे. मुंगूस. एक ससा…"

"आणि?"

वैजंता लेकराचं टोपडं उगीचच सारखं करू लागली.

"तितरी होती," ती हळूच म्हणाली. "अंड्यांवर. मी ओरडले, ढेकळं मारली. उठलीच नाही."

बाबांनी चुलीतलं जळतं लाकूड बाहेर ओढलं. पाणी शिंपडून विझवलं.

"पळता येत होतं हो तिला!" वैजंताचा आवाज फाटला. "पंख होते की!"

बाबांनी तिच्या कडेवरच्या लेकराकडं बघितलं.

तिनं पदरानं डोळे पुसले. "मी परत लावते करवंदी. पाणी येईल?"

"ओढा तुझ्याच बांधापाशी उगवतो का?"

"नाही. वरून येतो, सगळ्यांच्या रानातून. माझं रान सगळ्यात खाली. पण ते कुठले ऐकायला! पेटवायला मीच तर शिकवलं त्यांना."

बाबांनी दोन्ही हात पुढे केले. "दे लेकरू इकडं."

वैजंता चटकन मागं सरली. पोराला तिनं असं आवळलं की ते रडायलाच लागलं.

"राग मानू नका, बाबा… मी कुणाकडंच देत नाही त्याला."

बाबांचे हात तसेच राहिले. रिकामे.

"सगळ्यात वरच्या रानापासून सुरुवात कर," ते म्हणाले. "दारात गेलीस की आधी लेकरू त्यांच्या मांडीवर ठेव. मग तितरीचं सांग, मग करवंदीचं."